आमची वाटचाल : सांगलीच्या यार्डातले सर्व्हर

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते, शेठजी, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या फर्मचं पहिलं गिऱ्हाईक. सौद्याच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांचे हिशेब, सगळं सेंटओएस ७ या लिनक्सवर आणि मारियाडीबी १०.१ या डेटाबेसमध्ये. यार्डात लिनक्सचं नाव काढलं की लोक हात झटकायचे. शेठजींनी मात्र भरवसा टाकला आणि अजून तो काढून घेतलेला नाही.

पुढची काही वर्षं सुरळीत गेली. लिहायचं आहे ते ऐन हंगामात सर्व्हर बंद पडला त्याबद्दल, कारण त्याविषयी यार्डात आजही खोटं सांगितलं जातं.

वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर चालू कामात बंद पडला. वीज आल्यावर मारियाडीबी उठेना. आमच्या आधी पोचलेल्या एका फर्मने मशीन पुन्हा पुन्हा रीबूट केलं, 'डिस्क गेली, डेटा गेला' असा निकाल दिला आणि नव्या सर्व्हरचं कोटेशन टेबलावर ठेवलं. डिस्क धडधाकट होती. डिस्क तपासणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेले भाग, शून्य.

खरं कारण जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, लिहिलेलं होतं. सेंटओएस ७ मध्ये जर्नल मुळात मेमरीत राहतं आणि रीबूट झालं की पुसलं जातं. पण आम्ही प्रत्येक मशीनवर पहिल्याच दिवशी व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी करून ठेवतो, म्हणून ते डिस्कवर टिकलं. 'जर्नलसीटीएल -बी -१ -यू मारियाडीबी' दिल्यावर आधीच्या बूटमधली, म्हणजे मशीन त्याआधी चालू झालं तेव्हाची, ओळ समोर आली : 'स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट. टर्मिनेटिंग.' म्हणजे सुरू व्हायची मुदत संपली, थांबवतो आहे.

अर्थ सरळ आहे. मारियाडीबीत डेटा सांभाळणारा भाग म्हणजे इनोडीबी. अचानक बंद पडल्यावर तो उठताना आधी लॉग, म्हणजे बदलांची नोंद, वाचून डेटा जुळवून घेतो. लॉग मोठा आणि डिस्क साधी फिरती असेल तर याला काही मिनिटं लागतात. लिनक्समध्ये सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, चालू-बंद करणारा सिस्टिमडी सर्व्हिसला तयार व्हायला मुळात ९० सेकंदच देतो. तेवढ्यात 'तयार' असा निरोप आला नाही की तो सर्व्हिस थांबवतो आणि जुळवाजुळव अर्धवट राहते. रीबूट केलं की तेच पहिल्यापासून. शंभर वेळा रीबूट करा, डेटाबेस उठणार नाही.

'सिस्टिमसीटीएल शो मारियाडीबी -पी टाइमआउटस्टार्टयूसेक' देऊन ही मुदत विचारल्यावर उत्तर आलं, १ मिनिट ३० सेकंद. 'सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी' देऊन सर्व्हिस विभागात 'टाइमआउटस्टार्टसेक=०' लिहिलं. सेंटओएस ७ च्या सिस्टिमडी २१९ मध्ये शून्य म्हणजे मर्यादा नाही. आवृत्ती २२९ पासून त्यासाठी 'इन्फिनिटी' लिहायचं. मग स्टार्ट दिला आणि हात लावला नाही. चार-साडेचार मिनिटांत डेटाबेस उभा राहिला, आदल्या सौद्याच्या पट्ट्यांसकट.

तरी बोभाटा झालाच. 'यांच्या लिनक्सने हिशेब खाल्ला' हे वाक्य यार्डभर फिरलं, नवी कामं थांबली, पगार उधारीवर गेले. शेठजींनी तो जर्नलचा कागद छापून गल्ल्याशेजारी लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावला. फर्म वाचली ती त्यामुळे.

या धंद्यात असणाऱ्यांना सांगतो : यूएसआर-लिबमधली मूळ सर्व्हिस फाइल कधी बदलू नका, पॅकेज अपडेट झालं की तुमचा बदल जातो. 'एडिट'ने केलेला बदल ईटीसीखालच्या ओव्हरराइड फाइलमध्ये सुरक्षित राहतो. तिथे 'एक्झेकस्टार्ट', म्हणजे सर्व्हिस सुरू करणारी आज्ञा, बदलायचं असेल तर आधी एक रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ लिहा, नाहीतर सर्व्हिस चालूच होत नाही. फाइल हाताने बदलली तर 'डेमन-रीलोड' द्या, म्हणजे सिस्टिमडी ती पुन्हा वाचतो. आणि सर्व्हिस फाइलमधलं 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं. दुसरी सर्व्हिस चालू व्हायला हवी असेल तर 'वॉन्ट्स' किंवा 'रिक्वायर्स' सोबत लिहावंच लागतं. ठरावीक आयपीवर ऐकणारी सर्व्हिस बूटला पडत असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन' हे टार्गेट, म्हणजे बूटमधला टप्पा, 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हीत टाका. नुसतं 'नेटवर्क' टार्गेट आयपी मिळेपर्यंत थांबत नाही.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधार संपला, म्हणजे अपडेट बंद झाले. त्याआधीच शेठजींचं मशीन आम्ही अल्मालिनक्स या दुसऱ्या लिनक्सवर नेलं. यूपीएसला आता यूएसबी केबल आहे आणि बॅटरी उतरू लागली की यूपीएसवर लक्ष ठेवणारा एपीसीयूपीएसडी हा प्रोग्रॅम सर्व्हर स्वतःहून नीट बंद करतो. ही केबल जोडू देणार नसाल तर आम्ही देखभालीचा करार करत नाही.