कापलेल्या मानेची बुलेट

गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा पाऊस कोसळत होता, म्हणून प्लास्टिकसकट शेडमध्ये ओढली. प्लास्टिक काढल्यावर आमचं पोरगं हसायलाच लागलं. पुढचं चाक हातभर लांब, हँडल छातीच्या वर, मागं ट्रॅक्टरचं वाटावं असलं टायर आणि टाकीवर एअरब्रशनं काढलेली कवटी. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत कोल्हापुरात असल्या कवट्या गल्लोगल्ली फिरत होत्या. त्यातल्या बऱ्याच आता भंगारात आहेत. ही एक वाचली होती.

मालक जयसिंगपूरचे, बँकेत नोकरीला. "मिस्त्री, वडिलांची गाडी हाय. चौऱ्याहत्तरची. त्यांनी इकली, पुढं तिसऱ्या हातात गेली, तिथनं परत आणली. कंपनीतनं आली तशी करून द्या. पैशाचं बघू नका."

पैशाचं बघू नका म्हणणारी माणसंच पुढं वायसरचे पैसे विचारतात, असा माझा अनुभव. हे गृहस्थ तसे निघाले नाहीत. कवटीवरनं हात फिरवत म्हणाले, "ज्यानं हे केलं ना, त्याला ह्याच गाडीला बांधून रंकाळ्याभोवती फिरवला पाहिजे."

मी मान डोलावली. असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं आणि मीही दोन शिव्या घालतो. धंद्याचा भागच आहे तो.

आता 'कंपनीतनं आली तशी', आमच्या भाषेत 'स्टॉक', म्हणजे काय, ह्यावर आमचा पहिला तासभर गेला. १९७४ची स्टँडर्ड ३५० म्हणजे सहा व्होल्टची वायरिंग, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, टाचेनं दाबायचा न्यूट्रलचा वेगळा खटका. साहेबांचा मुलगा सोबत होता. म्हणाला, गिअर डावीकडं राहू दे, नायतर मला चालवता येणार न्हाई. साहेब म्हणाले, हेडलाइट तेवढा एलईडी करा. मी म्हटलं, मग सेल्फ स्टार्टरपण लावू, मागं एसी बसवू. हसले, पण समजले. सगळ्यांना जुनं पाहिजे असतं, फक्त जुन्याचा त्रास नको असतो.

त्यांना घाईचं खरं कारण आरटीओ होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, तेव्हा गाडी दाखवावी लागते. कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर बदल चालत नाहीत असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पूर्वीपासून सांगतंय, आणि २०१९ला सुप्रीम कोर्टानंही केरळातल्या एका प्रकरणात ते ठणकावलं. एका एजंटानं त्यांना सोपी वाट सांगितली होती: दुसरी चेसिस घ्या, नंबर पंच करून देतो. असली माणसं उघड धंदा करतात, वर चहाही पाजतात. मी साहेबांना सरळ सांगितलं, ते करायचं असेल तर गाडी आत्ताच टेम्पोत घाला.

अडचण अशी की बुलेटचा चेसिस नंबर मानेवर असतो. मान म्हणजे पुढचा फोर्क ज्या नळीत फिरतो ती. आणि चॉपर, म्हणजे असली पुढं लांब काढलेली गाडी, करायला कापतात तीही मानच. पुढचं चाक लांब काढायचं तर मान कलंडवावी लागते. त्यासाठी वरच्या नळीतनं पाचर काढतात, खालच्या नळीत तुकडा घालतात. बुलेटला इंजिनाखालनं नळी जात नाही, इंजिनच चेसिसचा भाग आहे. त्यामुळं पुढची ती एक नळी गेली की गाडी मोडली म्हणून समजा. चेसिस बदलायची नाही, मान बदलायची नाही, नंबराला ग्राइंडर लावायचा नाही आणि मान जाग्यावर आणायची. एवढंच काम होतं.

सामान गोळा करण्यात दोन महिने गेले. सगळ्यात रडवलं कॅस्केटनं. हेडलाइट, स्पीडोमीटर, अॅम्पिअर मीटर आणि वरचे दोन पिटुकले दिवे, ज्यांना टायगर लॅम्प म्हणतात, हे सगळं ज्या एका अॅल्युमिनिअमच्या ओतीव खोळीत बसतं ते कॅस्केट. ते शोभेचं नाही. फोर्कच्या नळ्या वर त्याच्यातच आट्यांनी बसतात. बाजारात नवं मिळतं, दिसायला झकास, पण भिंत पातळ आणि आटे असे की हातानं नळी हलवली तर टिकटिक वाजते. दिल्लीच्या करोल बागेतनं दोन मागवली, दोन्ही परत पाठवली. शेवटी निपाणीकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुनं मिळालं. कोंबडी अंडी घालत होती त्यात.

मग आटे. ह्यावर मी तासभर बोलू शकतो, बायको साक्षीला आहे. जुन्या बुलेटचे आटे विलायती, इंचातले. ५/१६चा बोल्ट असेल तर इंचाला २२ आटे. त्यात कुणी ८ मिलिमीटरचा बोल्ट लावला तर तो दोन वेढे गोड जातो आणि अडतो. मग हुशार माणूस पान्याला पाइप लावतो. ह्या गाडीत असा हुशारपणा अकरा ठिकाणी केलेला होता. एकेक भोक भरून, परत ड्रिल मारून, इंचाचा टॅप फिरवला. पाव इंची बोल्ट २६ आट्यांचे लागतात, ते आमच्या उद्यमनगरात लेथवर कापून घेतले. तिथंही आता इंची आट्यांसाठी चेंज गिअर लावता येणारे दोनच म्हातारे उरलेत. पोरांना सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, येतं, पण लेथपुढं उभं केलं की चक्कीपुढं उभं राहिल्यासारखी बघत राहतात.

मानेला हात घातला तो श्रावणातला सोमवार होता. रंग खरवडला, खाली तीन मिलिमीटर पुट्टी निघाली, तिच्याखाली पितळ. म्हणजे जोड पितळी वेल्डिंगचा. हे वाईटच. पितळ लागलेल्या लोखंडावर आर्गॉन वेल्डिंग टिकत नाही, जोडाला फुगे येतात, पुढं चीर जाते. पितळाचा कण उरणार नाही इतकं मागं कापत जावं लागतं. म्हणून खालची नळी हॅकसॉनं कापली. घातलेला तुकडा सुटून हातात आला. त्याच्या आत जोडाला आधार म्हणून लेथवर केलेला सळईचा प्लग होता. पंच लावून ठोकला, खाली पडला, टेबलाखाली गडगडला. पोरानं उचलून दिला. प्लगच्या तोंडावर सेंटर पंचनं मारलेले तीन ठिपके होते, त्रिकोणात.

आमच्या वस्तादांच्या गॅरेजात एक रीत होती. त्यांचा एक ठिपका, त्यांच्या हाताखालच्या थोरल्या मिस्त्रीचे दोन, माझे तीन. आत जाणाऱ्या प्रत्येक कामावर खूण करायची. "काम परत आलं तर कुणाच्या कानाखाली वाजवायची ते कळाय नको?" असं ते म्हणायचे.

२००४, आषाढ. वस्ताद वारीला गेले होते. एक पोरगा मासिकातनं फाडलेला फोटो घेऊन आला, असंच करून द्या म्हणाला. मी तेवीस वर्षांचा. वस्ताद असते तर त्यांनी फोटो बघूनच त्याला हाकलला असता. मी साडेतीन हजार घेतले आणि चार दिवसांत मान कापली. निघालेलं सगळं सामान पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. कॅस्केट त्यानं अॅल्युमिनिअमच्या भावानं, काट्यावर घालून नेलं. त्या वेळी त्यात एवढं वाईट वाटण्यासारखं काही आहे असं मनातही आलं नाही. उलट गाडी बाहेर काढली तेव्हा गल्लीतली पोरं बघायला जमली होती आणि माझी कॉलर ताठ झाली होती. हे खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी पुढं काम केलं नाही. पोराला म्हटलं, डोकं दुखतंय. वस्ताद जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना सांगायची सोय नव्हती. साहेबांना सांगायची होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला, 'कसं काय चाललंय?' मी म्हटलं, 'चाललंय, खालचं वेल्डिंग काढलं.' 'कसं केलं होतं हो त्या गाढवानं?' मी म्हटलं, 'काम वाईट केलं होतं, पण वेल्डिंग मजबूत होतं.' आपल्या तोंडून हे कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या मानेवर जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच गाडीवर केलं नसेल. जुन्या मोडक्या लेथचा बेड सपाट म्हणून घेतला. एका मित्राची हात न लागलेली १९७२ची बुलेट उभी करून तिच्यावरनं मापं काढली. मानेच्या वरच्या-खालच्या कपात बसणारा दांडा टर्न केला आणि त्याच्यावर डायल लावून केसभर फरक राहीपर्यंत मान मागं आणली. पितळ होतं तिथपर्यंतची नळी कापून टाकली, नवी सीमलेस नळी, आत नवे प्लग. नंबराजवळ फक्त कानस, तीही हातानं, वर ओलं फडकं. वेल्डिंग थंड होताना ओढतं, म्हणून ह्या बाजूला एक टाका, थांबायचं, त्या बाजूला एक टाका, चहा घेऊन यायचं. अख्खा दिवस बारा टाके. शेवटी चाकं लावून दोन्ही बाजूंनी सूत धरलं. सुताला चारी ठिकाणी टायर टेकलं.

टाकीच्या सोनेरी रेघांसाठी स्टिकर मिळतात. मी शाहूपुरीतल्या एका सत्तरीच्या पेंटरकडं गेलो, जे पूर्वी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. मद्रासच्या कारखान्यातही ह्या रेघा ब्रशनं हातानंच मारायचे, म्हटल्यावर म्हाताऱ्याला चेव आला. खारीच्या केसांचा लांब ब्रश, श्वास धरून एक रेघ, मग श्वास. हात चहाचा कप धरताना थरथरतो, रेघेला नाही.

आरटीओतल्या इन्स्पेक्टरनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, छाप घेतला, मान खाली घालून बराच वेळ बघितलं. मला घाम फुटला. म्हणाले, "एवढं जुनं रेकॉर्ड, नंबर मात्र स्वच्छ हाय." त्यांना एवढंच दिसलं, बरं झालं.

गाडी न्यायला बाप-लेक आले. साहेबांनी अॅम्पिअरचा काटा मधे आणला, डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन वर काढला, आणि पहिल्या किकला गाडी लागली. मी काही बोललो नाही. बिलात वेल्डिंगची मजुरी लावली नव्हती. साहेबांनी बिल दोनदा वाचलं, "हे राहिलं वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, असू दे. कवटीवाली टाकी त्यांनी इथंच टाकली, पण तो जुना प्लग मागून घेतला. टेबलावर ठेवतो म्हणाले, कागद उडू नयेत म्हणून. "आणि हे ठिपके कसले?" मी म्हटलं, "टर्नरची खूण असते."

घरी जाताना आठवलं की नव्या प्लगवरही मी ठिपके मारलेत. ठरवून नाही. हातालाच सवय.

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन. बँकेत कोणी मिस्त्री कर्जासाठी आला होता, टेबलावरचा प्लग बघून म्हणाला, हे काम अमक्या वस्तादांच्या गॅरेजातलं, तिथं अशी खूण करायचे. "तुम्ही त्याच गॅरेजात होता ना मिस्त्री? हे तीन ठिपकेवालं कोण, ओळखता का?"

"ओळखतो," मी म्हटलं.

"आता काय करतो?"

"गाड्या स्टॉक करून देतो."

पलीकडं बँकेतला गलका तेवढा ऐकू येत होता. मग साहेब म्हणाले, "रविवारी हाय का गॅरेज चालू? ऑइल बदलायचं होतं."