एका रुपयाची संमती

सोमवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी पासबुक भरून घेणाऱ्यांची रांग शाखेच्या दारापर्यंत जाते. वाळवा तालुक्यातील या शाखेत मी नऊ वर्षे काम करतो आहे. गेल्या पावसाळ्यातील अशाच एका सोमवारी बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी खिडकीशी आल्या आणि पासबुक पुढे करून म्हणाल्या, "साहेब, पैसं जमा हुत्यात, पर खात्यात ऱ्हात न्हाईत. जरा बघा की."

पासबुकाची चार पाने छापून झाली. जमेच्या बाजूला दहा, वीस, चाळीस रुपयांच्या असंख्य नोंदी होत्या. नावेच्या बाजूला मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखांना तीनच रकमा दिसत होत्या: १२५, १९९ आणि ९९ रुपये. पहिली रक्कम, पैसे आल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्सचे भाडे होते. उरलेल्या दोन रकमा मालिका दाखवणाऱ्या आणि राशिभविष्य सांगणाऱ्या दोन ॲपकडे जात होत्या, आणि त्या दोन्हींची सुरुवात एकेका रुपयाच्या नोंदीने झाली होती.

यूपीआयवर २०२० पासून ऑटोपेची सोय आहे. ग्राहकाने एकदा पिन टाकून संमती दिली की १५,००० रुपयांपर्यंतचा पुढचा प्रत्येक हप्ता पिन न मागता खात्यातून जातो. हप्ता जाण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना देण्याचे बंधन आहे आणि तशा सूचना मावशींच्या मोबाइलवर आलेल्याही होत्या. परंतु त्या इंग्रजीत होत्या आणि जाहिरातींच्या ढिगात बुडालेल्या होत्या. मालिका संपल्यावर नातवाने ते ॲप दिवाळीतच काढून टाकले होते. ॲप काढले तरी खात्यावरची संमती कायम राहते, हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते.

"म्या पिन एकदाच टाकला व्हता साहेब, आन् त्योबी एका रुपायाला," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. नियमाच्या भाषेत ती संमतीच होती, पण हे वाक्य माझ्या तोंडून निघेना.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचा मोबाइल घेऊन बसलो. हप्ता तात्पुरता थांबवण्याचे बटण ठळक होते. कायमचा रद्द करण्याचे बटण तीन पडद्यांमागे, फिकट अक्षरांत सापडले. ज्या कंपन्यांनी एक रुपया घेण्याची वाट इतकी सोपी केली, त्यांना बाहेर पडण्याची वाट सोपी करता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. १९९ रुपये नऊ वेळा आणि ९९ रुपये अकरा वेळा, मिळून २,८८० रुपये गेले होते. मावशींनी मनातल्या मनात हिशेब करून सांगितले, "आठ दिसाची कमाई की."

साउंडबॉक्सही परत करायचा का, असे मी विचारले, तेव्हा मात्र त्यांनी ठाम नकार दिला. पूर्वी गर्दीत कोणीही जुन्या व्यवहाराचा पडदा दाखवून निघून जात असे; आता पेटी बोलल्याशिवाय त्या पिशवी हातात देत नाहीत. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर विक्रेत्याकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे साउंडबॉक्स देणाऱ्या कंपन्या भाडे, कर्जवाटप आणि जाहिराती अशा दुसऱ्या मार्गांनी कमाई करतात, हे समजण्यासारखे आहे. पेटीचे भाडे मावशी जाणून देतात आणि त्याचा मोबदला त्यांना रोज ऐकू येतो. म्हणून तो व्यवहार मला रास्त वाटतो. उरलेले दोन व्यवहार त्यांच्या न वाचण्यावर चाललेले होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला अडकवणारे १३ प्रकार दिले आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतलाच एक आहे. त्याचा आधार घेऊन त्याच दुपारी आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवली. एका कंपनीने शेवटचे ९९ रुपये परत केले. दुसरीकडून नातवाच्या ईमेलवर इंग्रजीत एक ठरावीक उत्तर आले, त्याचा अर्थ मी मावशींना वाचून सांगितला.

अजूनही दर सोमवारी बाजार उरकला की त्या खिडकीशी येतात, पासबुक पुढे करतात आणि विचारतात, "आलं का वो साहेब?" मी नोंदी छापतो आणि नाही म्हणून सांगतो.