चिऱ्याच्या जमिनीतला मुळा: फोंड्याच्या परसातली नोंद

या मोसमातली मुळ्याची पहिली काढणी झाली. निकाल अपेक्षेपेक्षा स्पष्ट आहे. वरंब्यावर पेरलेले मुळे सरळ, वीतभर लांब आणि गोरेपान निघाले. शेजारच्या सपाट वाफ्यातले बहुतेक दोन-तीन पायांचे. बी एकाच पाकिटातलं, पेरणी एकाच सकाळी, पाणी एकाच नळीचं. फरक फक्त उंच चढवलेल्या, चाळलेल्या मातीचा होता, आणि तेवढ्यासाठीच हे दोन वाफे मुद्दाम शेजारी शेजारी ठेवले होते.

गोव्यात घर बांधताना पाया खणलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. वरची लाल माती जेमतेम कुदळीच्या पात्याएवढी, मग खडे, मग चिरा, म्हणजे जांभा दगड. मुळ्याचं बी रुजलं की आधी एक बारीक सोटमूळ सरळ खाली जातं आणि पुढे तेच जाड होतं. त्याच्या टोकाला खडा लागला की टोक मरतं, बाजूच्या मुळ्या ती जागा घेतात आणि मुळ्याला फाटे फुटतात. न कुजलेल्या शेणखतानेही हेच होतं. मुळ्यासाठी फूटभर खोल खणा, हा सल्ला काळ्या मातीवाल्यांना ठीक. आपल्याकडे एवढं खणायचं म्हणजे पहार लागते. शेजारच्या मावशींनी मला घाम पुसताना पाहिलं आणि कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मुळो वयर येता रे, तूं सकयल कित्याक खणता?" (मुळा वर येतो रे, तू खाली कशाला खणतोस?) खरंच आहे ते. लांब पांढरा मुळा जाड होताना खांदे मातीच्या वर काढतो.

म्हणून खाली जाण्याऐवजी माती वर चढवली. वरंबा 25 ते 30 सेंटिमीटर उंच. चाळलेली लाल माती, निम्म्याहून कमी जुनं शेणखत (हातात घेतल्यावर वास येऊ नये इतकं जुनं) आणि माती घट्ट बसू नये म्हणून काथ्याचा भुसा. आपली जमीन आंबट, तेव्हा पेरणीच्या आधी चुलीची राख मूठ-मूठ पसरून मिसळली. युरिया मात्र अजिबात नको. पाला गुडघ्याएवढा होतो आणि खाली उंदराची शेपटी निघते.

जात निवडताना पाकिटावरच्या चित्राला भुलू नका. ते गोल लाल इवलेसे मुळे थंड हवेचे. 25-30 दिवसांत तयार होतात हे खरं, पण आपली जानेवारीची दुपारही तिशी ओलांडते. त्या उन्हात ते लवकर तिखट आणि पोकळ होतात. मी लावला अर्का निशांत, बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा. 50-55 दिवसांचा, आतून सहसा पोकळ न पडणारा. फाटे कमी फुटतात असंही त्याच्याबद्दल सांगतात, पण सपाट वाफ्यात चिऱ्याच्या खड्यांपुढे त्याचंही काही चाललं नाही.

पेरणी नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न झाल्यावर. बी सेंटिमीटरभर खोल, थेट जागेवर. मुळ्याची रोपं ट्रेमध्ये करून हलवायची नसतात, हलवताना सोटमूळ दुखावतं आणि पुन्हा फाट्यांचीच गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवण दिसते.

आता विरळणी. नवशिक्यांचा हात इथेच अडतो, कारण जिवंत रोप उपटायला मन होत नाही. पण दाटीत वाढलेला मुळा पोसतच नाही, नुसता पाला करतो. दोन-तीन पानं आली की पहिली विरळणी, आठवड्याने दुसरी. शेवटी दोन रोपांत 8 ते 10 सेंटिमीटर राहिले पाहिजेत. उपटताना शेजारचं रोप हलत असेल तर सरळ कात्रीने कापा. आणि यात वाया काहीच जात नाही! ती कोवळी रोपं बारीक चिरून, कांदा, हिरवी मिरची, मूठभर भिजवलेली मुगाची डाळ आणि वर ओलं खोबरं. आमच्या घरात या भाजीला मुळ्यापेक्षा जास्त मागणी आहे, त्यामुळे मी मुद्दामच दाट पेरतो.

कीड फारशी नाही. पानांना बारीक भोकं पाडणारे उडे भुंगे आले, थंडी जरा वाढल्यावर मावा. दोन्हींवर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारला, भागलं. मोरांवर मात्र निंबोळी चालत नाही. कोवळ्या वाफ्यावर जुनी मासेमारीची जाळी ताणून टाकली तेव्हा कुठे ते वळले.

पाणी रोज, थोडं, सकाळी. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी धो-धो दिलं की मुळा उभा चिरतो. ओळींच्या मधे माडाच्या सुक्या झावळ्या तोडून अंथरल्या, त्याने ओल टिकली आणि माती तापली नाही. तापलेल्या, तहानलेल्या मातीतला मुळा जास्त झणझणीत होतो. काहींना तसाच आवडतो म्हणा.

काढणीला उशीर करू नका. खांदे वर आले, जाडी मनासारखी झाली की काढा. पाला लगेच कापून वेगळा ठेवा, नाहीतर मुळ्यातलं पाणी तोच ओढतो आणि मुळा मऊ पडतो. पहिल्या खेपेतले थोडे खतखत्यात (गोव्याकडच्या मिश्र भाजीत) गेले, तिरफळांच्या सोबतीला. सपाट वाफ्यातले वाकडे-तिकडे किसून दह्यात घातले. चवीत काही कमी नव्हतं.

वरंब्याच्या टोकाची चांगली दिसणारी रोपं काढलेली नाहीत. ती फुलोऱ्यावर आली की डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, मिळतील, कोवळ्या असताना भाजीला आणि उरलेल्या सुकवून बियाण्याला. दुसरी पेरणी जानेवारी संपायच्या आत उरकणार, त्यानंतर अर्का निशांतचा नाद सोडायचा. मार्चमध्ये पुसा चेतकी लावून बघायचा विचार आहे, ती उष्णता सोसणारी जात आहे. जागा आंब्याच्या पूर्वेची, दुपारनंतर सावली येते तिथे. कुणी गोव्यात उन्हाळ्यात चेतकी काढली असेल तर पाणी दिवसातून किती वेळा दिलं ते जरूर कळवा.