कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवताना आधी मॅग्नेटो उघडा

शंभर-दीडशे सीसीच्या जुन्या दुचाकीला इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, बसवायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती ईसीयू (ही यंत्रणा चालवणारा छोटा कॉम्प्युटर) कुठला घ्यायचा याची. पण असं काम अर्धवट पडतं तेव्हा दोष ईसीयूत क्वचित असतो. तो बहुतेक वेळा मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कव्हराखाली निघतो. एक तर करंट पुरत नाही, नाहीतर क्रँकचा (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचा) सिग्नल स्वच्छ येत नाही.

करंटचा हिशोब कागदावर मांडून बघा. पंप 1.5 ते 2 अँपिअर खातो. इग्निशन, इंजेक्टर, ईसीयू आणि ओ-टू (सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरचा हीटर धरला की साडेतीन-चार अँपिअर झाले. 35 वॉटचा हेडलाइट आणखी तीन घेतो. जुन्या किक-स्टार्ट गाडीत हेडलाइट थेट कॉइलच्या एसी करंटवर जळतो आणि अडीच एएचच्या बॅटरीला उरलेल्या अर्ध्या लाटेवर जेमतेम चार्जिंग मिळतं. त्यावर पंप चालवला तर पंधरा-वीस मिनिटांत व्होल्टेज बसतं. इंजेक्टरला उघडायला 14 व्होल्टवर साधारण 1 मिलिसेकंद लागतो, 10 व्होल्टवर दीडच्या वर. म्हणजे बॅटरी उतरली की प्रत्येक फवाऱ्यातलं पेट्रोल आपोआप कमी होतं, गाडी पॉपिंग करते आणि मिस्त्री मात्र इंजेक्टर साफ करत बसतो.

यावर उपाय स्टेटरची (मॅग्नेटोतल्या स्थिर कॉइलची) अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी, उचलणे. कॉइल प्लेट काढा. वाइंडिंगचं एक टोक कोअरला सोल्डर केलेलं असतं, ते सोडवून त्याला उष्णता सहन करणारी वायर जोडा आणि बाहेर आणा. दोन्ही टोकं फुल-वेव्ह रेग्युलेटरच्या दोन पिवळ्या वायरींना द्या. मल्टीमीटरने दोन्ही टोकं बॉडीपासून पूर्ण तुटलीत हे तपासा. थोडी जरी अर्थ लागत असली तरी नवा रेग्युलेटर जळतो. हेडलाइट आता रिलेवरून बॅटरीवर घ्यायचा, एलईडी असला तर उत्तम. बॅटरी निदान 4-5 एएचची हवी. सगळं चालू ठेवून आयडलिंगला 13 व्होल्टच्या वर आणि 5000 आरपीएमला 14 ते 14.5 मिळत नसेल, तर पुढच्या कामाला हात लावू नका.

आता क्रँकचा सिग्नल. सीडीआयच्या (जुन्या इग्निशनच्या) मॅग्नेटोवर एकच उंचवटा असतो. तेवढ्यावर स्पार्क भागतो, पण इंजेक्शनला क्रँक नेमका कुठे आहे ते सतत कळायला हवं. त्यासाठी 24 दातांपैकी एक गाळलेली रिंग लागते. 3 मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटवर लेझर कटिंग करून नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या लेथवाल्याकडून आतला व्यास फिनिश करून घ्या. फ्लायव्हीलला (मॅग्नेटोच्या फिरत्या चाकाला) वेल्डिंग अजिबात नको, उष्णतेने आतल्या मॅग्नेटची ताकद जाते. रिंग तापवून थंड फ्लायव्हीलवर चढवायची. डायल गेज लावून फिरवल्यावर 0.1 मिमीपेक्षा जास्त डुगडुग नको, सेन्सरचा गॅप 0.6 ते 0.8 मिमी. गॅप वाढला की किकच्या कमी वेगात सिग्नल इतका बारीक होतो की ईसीयूला दातच दिसत नाहीत.

गाळलेला दात टॉप डेड सेंटरजवळ (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेजवळ) ठेवायचा नाही. एकाच सिलिंडरच्या इंजिनात कॉम्प्रेशनला क्रँक क्षणभर अडखळतो. ईसीयू त्या अडखळण्यालाच रिकामी जागा समजतो आणि स्पार्क भलतीकडे पडून किक पायावर उलटते. सेन्सरची वायर शील्डेड हवी, शील्डची अर्थ फक्त ईसीयूच्या बाजूला. प्लग आणि कॅप दोन्ही रेझिस्टरवाले घ्या. साध्या प्लगच्या विजेच्या गोंगाटाने (सिग्नलमधल्या व्यत्ययाने) ईसीयू वरच्या आरपीएमला रीसेट होतो. शेवटी टायमिंग लाइट लावून स्क्रीनवरचा आकडा आणि फ्लायव्हीलवरची खूण जुळवा.

इंजेक्टर कारचा उचलून लावू नका. आठ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण 40 मिली पेट्रोल लागतं आणि आयडलिंगला जेमतेम अडीच-तीन मिली. 1400 आरपीएमला, दर दोन फेऱ्यांना एक धरून, मिनिटाला 700 फवारे, म्हणजे एका फवाऱ्याला 0.004 मिली. मिनिटाला 100 मिली सोडणारा इंजेक्टर त्यासाठी सुमारे 2.4 मिलिसेकंद पेट्रोल सोडतो. 240 मिलीच्या कारच्या इंजेक्टरला तेच काम 1 मिलिसेकंदात उरकावं लागतं, आणि इतक्या आखूड वेळेत तो दर वेळी सारखं पेट्रोल सोडत नाही. गाडी आयडलिंगला घुटमळते ती त्यामुळे.

पेट्रोलची लाइन 3 बारची असते. जुना पाइप फुगतो, मग निसटतो. इंजेक्शनसाठीचाच होज आणि स्क्रूचा क्लॅम्प वापरा. टाकीला पंपाची रिंग वेल्ड करायची असेल तर टाकी धुऊन, काठोकाठ पाण्याने भरूनच. रिकामी टाकी वेल्ड करणं म्हणजे बॉम्बला बत्ती देणं. गाडी पडली की पंप बंद करणारा टिल्ट सेन्सर वगळू नका.

मॅप सेन्सरची (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्याची) नळी आखूड ठेवा आणि ईसीयूमध्ये सरासरीऐवजी प्रत्येक सायकलमधलं किमान प्रेशर घ्यायला सांगा, नाहीतर आकडा नाचत राहतो. फक्त थ्रॉटलच्या उघडझापीवर ट्यून करत असाल तर हवेच्या दाबाची दुरुस्ती हवीच. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटरवर आहे. कसारा घाट उतरून कल्याण गाठलं की हवा साधारण 6 टक्के दाट होते आणि इथे नीट चालणारी गाडी तिथे लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

ओ-टू सेन्सरचा बुश बेंड पाइपवर आर्गनने लावा, सेन्सर आडव्या रेषेपेक्षा 10 अंश तरी वर कललेला, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. ट्यूनिंगला वाइडबँडच, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा देणारा सेन्सर, हवा. आणि 14.7 हा (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा, याचा) आकडा डोक्यातून काढा. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तो साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्ब्डात (1 म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) वाचलं की हा गोंधळ उरत नाही: संथ चालीला 1.0, फुल थ्रॉटलला 0.86 ते 0.88. एक फसवणूक लक्षात ठेवा. आयडलिंगला मिसफायर झालं की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरवर जातो आणि मीटर लीन दाखवतो. त्यावर विसंबून पेट्रोल वाढवाल तर प्लग काळा पडतो.

ज्या मॉडेलची बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांची, इंजेक्शनवाली) आवृत्ती आहे तिथे हा सगळा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 1 एप्रिल 2020 नंतरच्या त्याच इंजिनाच्या अपघातग्रस्त गाडीचा मॅग्नेटो, थ्रॉटल बॉडी, पंप, ईसीयू आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) एकत्र मिळाला तर अर्धी डोकेदुखी संपते. फक्त क्रँकचा टेपर (निमुळतं टोक) आणि त्यावर फ्लायव्हील अडकवणाऱ्या चावीची जागा जुळते का, ते पैसे देण्याआधी बघा. मायलेजच्या आशेने मात्र यात पडू नका. नीट जुळवलेला कार्बोरेटर त्यात फारसा मागे नसतो. कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांवर बंधनं घालतं, तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारलेलं बरं.

थंडीची सेटिंग शेवटी करायची आणि ती डिसेंबर-जानेवारीतच होते. निफाडला पारा एक आकडी उतरतो तेव्हा पहाटे पहिल्या किकला जे होईल तेच खरं. किक मारून लगेच बंद पडली तर स्टार्टनंतरचं पेट्रोल वाढवा, काळा धूर आला तर कमी करा. एका सकाळी एकच बदल. इंजिन एकदा गरम झालं की पुढची चाचणी दुसऱ्या दिवशी पहाटे.