ऑलिव्हरचे ३६ बार : चौथी नोंद

मागच्या नोंदीत ‘महिनाभरात ऑलिव्हरचे ३६ बार (म्हणजे तालाचे छोटे खंड) ट्रम्पेटवर बसवतो’ असं छातीठोकपणे लिहून बसलो होतो. हिशेब असा : २२ बसले, १४ बाकी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाजवायची वेळही ठरवून दिली आहे. संध्याकाळी सहा ते सात, रविवार सोडून.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : तुकडा ‘डिपरमाउथ ब्लूज’चा, किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाच्या क्रिओल जॅझ बँडचा. ध्वनिमुद्रण एप्रिल १९२३, गेनेट ही तबकड्यांची कंपनी, अमेरिकेत इंडियानातलं रिचमंड. त्यात ऑलिव्हर कॉर्नेटवर (ट्रम्पेटचंच जरा आखूड भावंडं) बारा-बारा बारांची तीन आवर्तनं सलग घेतो. माझ्याकडे कॉर्नेट नाही. लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेला ट्रम्पेट आहे, आणि त्याचा मधला व्हॉल्व्ह थंडीत रुसतो.

पहिला आठवडा सुरातच गेला. माझ्याकडे या तबकडीच्या दोन डिजिटल प्रती आहेत आणि त्यांच्यात जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक आहे. मी आपला कानाला दोष देत होतो. तबकडीवर ७८ म्हटलं तरी त्या काळी ती नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेली असेलच असं नाही. तेव्हा एक प्रत धरा, वेग थोडा कमी-जास्त करून आपल्या वाद्याशी जुळवा, आणि दुसरी पुसून टाका. दोन्ही ठेवल्या तर वेड लागेल.

मग ऑलिव्हरचा तो उघडझाप करणारा ‘वा-वा’ आवाज. ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडाशी कप, बाटल्या, काय हाताला लागेल ते धरायचा. मी आधी स्टीलची वाटी वापरली (पत्र्याचा डबा वाजतो तसं वाजलं), मग मोरीचा रबरी पंप दांडा काढून. नवा घ्या, हे सांगायला नको. हाताची उघडझाप जमली, पण स्वर सुटायचा. ऑलिव्हरचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी घसरत राहतो. आपल्या रागसंगीतातल्या आंदोलनाची आठवण होते, पण ही तुलना फार ताणू नये. तिथे स्वर सावकाश झुलतो, इथे तो विव्हळतो.

खरी अडचण मात्र तेविसाव्या बारापासून. घरात एकटा वाजवताना माझी लय तिथे हमखास पडते, तबकडीबरोबर वाजवताना पडत नाही. चार रात्री हेडफोन लावून ऐकल्यावर कारण कळलं. ज्याला मी एकट्याचं वादन समजत होतो त्याच्या मागे बाकीचे गप्प बसलेलेच नाहीत. जॉनी डॉड्सची क्लॅरिनेट वरून फिरते, होनोरे डुट्रेचा ट्रॉम्बोन खालून रेटतो, आणि ऑलिव्हर त्यांच्यावर रेलून उशिरा येतो. मी नेमका तो उशीर एकट्यानं करायला बघत होतो.

मग सुरुवातीपासून पुन्हा ऐकायला बसलो, एका वेळी एकच वाद्य धरून. सांगायला सोपं आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सगळा बँड आवाज टिपणाऱ्या एकाच कर्ण्यासमोर उभा. मायक्रोफोन साधारण १९२५ नंतरचा. मोठा ड्रम वाजवला तर सुई उडायची, म्हणून ड्रमवाला बेबी डॉड्स लाकडी ठोकळे वाजवतो. दुसरा कॉर्नेट एकवीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचा. त्याचा आवाज इतका मोठा की त्याला बराच मागे उभं केलं होतं, अशी आठवण पियानोवरच्या लिल हार्डिननं सांगितली आहे. पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं. तबकडीत आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

हे सगळ्यांनी मिळून वाजवणं अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स शहराच्या रस्त्यावरून आलं. तिथे अंत्ययात्रेलाही ब्रास बँड. जाताना संथ भजनं, परतताना नाचायला लावणारी गत. पण एका बँडमध्ये इतके वेगळे हात कसे आले, याचं एक कारण संगीताबाहेर, कायद्यात आहे. शहराच्या जुन्या भागातले फ्रेंच बोलणारे मिश्रवंशीय क्रिओल रीतसर शिकलेले, टिओ घराण्यासारख्या क्लॅरिनेटच्या उस्तादांकडे तयार झालेले. अपटाउन या दुसऱ्या भागातले कृष्णवर्णीय वादक बहुतेक कानानं वाजवणारे, चर्च आणि ब्लूज अंगात मुरलेले. १८९० साली लुईझियानानं रेल्वेत गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळे डबे सक्तीचे केले. होमर प्लेसी या क्रिओल माणसानं ते आव्हानलं आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. गोऱ्यांच्या लेखी क्रिओल आणि अपटाउनचे, दोघेही आता एकाच डब्यातले, आणि मग एकाच बँडमधलेही. हे वेगवेगळे हात एकत्र ऐकताना आता मला तो डबा आठवतो.

काहींनी विचारलं होतं, न्यू ऑर्लीन्सच्या बडी बोल्डन या आद्य जॅझ कॉर्नेटवादकापासून का नाही सुरू केलं? कारण त्याची एकही तबकडी हाती नाही. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात नेलं, तिथेच १९३१ साली तो गेला. आणि पहिली जॅझ तबकडी म्हणून जी गाजते, फेब्रुवारी १९१७ ची, ती ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची, म्हणजे पाच गोऱ्या वादकांची. त्यातली क्लॅरिनेटनं काढलेली कोंबड्याची बांग आणि कॉर्नेटचं घोड्यासारखं खिंकाळणं एकदा गमतीनं ऐका. बसवायला घेऊ नका, सवयी बिघडतात.

जाता जाता : शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच ऑर्केस्ट्रात वाजवलेला पियानिस्ट टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. तिथल्या गोवेकर वादकांवर स्वतंत्र नोंद लिहीन.

पुढच्या महिन्याचं काम बदललंय. उरलेले १४ बार बाजूला. आधी आर्मस्ट्राँगची दुसऱ्या कॉर्नेटची ओळ उतरवणार, ती रेकॉर्ड करणार आणि तिच्यावर ऑलिव्हर वाजवणार. कुणाकडे क्लॅरिनेट असेल आणि सहा ते सात वेळ जमत असेल, तर काकूंशी मी बोलतो.