बाकाचा पाय

नमुन्याच्या लोखंडी बाकाचा निळा रंग देखणा होता, दरही परवडणारा होता आणि शाळा समितीतल्या आम्हा सर्वांच्या माना डोलल्या होत्या, तेवढ्यात गावच्या वृद्ध सुतारांनी बाक आडवे केले, पायाचे रबरी बूच उपसले आणि आतला तांबूस चुरा तळहातावर घेऊन ते म्हणाले, “गुरुजी, ह्येना अजून पावस बघूक नाय.”

देवगडची खारी हवा आणि पावसाळ्यातला धो धो पाऊस यांचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता, याची मला (इथेच जन्मलो असूनही) लाज वाटली.

जुन्या वर्गातली फणसाच्या लाकडाची बाके कडांना झिजून गुळगुळीत झाली आहेत, पण डुगडुगत नाहीत. दरपत्रकात मात्र फणसाला रकानाच नाही. तो कोणी घालायचा?