तुम्ही विचारलंत म्हणून: रॉचा खरा इतिहास कुठे वाचायचा?

रॉवरचा, म्हणजे परदेशातली माहिती काढणाऱ्या आपल्या गुप्तचर संस्थेवरचा, नवीन पिक्चर किंवा वेबसिरीज आली की मला हमखास मेसेज येतात, ताई हे सगळं खरंच घडलं होतं का, आणि खरा इतिहास वाचायचा तर कुठे वाचायचा. विचारणारी बहुतेक कॉलेजातली मुलं असतात, अधूनमधून एखादे रिटायर्ड काकाही. मी आधुनिक भारताचा इतिहास शिकवते आणि जुनी सरकारी कागदपत्रं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून लोकांना वाटतं हिला विचारावं. तर एकदा नीट लिहूनच टाकते.

सरळ उत्तर असं की सरकारने प्रसिद्ध केलेला रॉचा इतिहास नाहीच. आहेत त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी, पत्रकारांची पुस्तकं, आणि बाकी सांगोवांगी. आणि हे मला फार लागतं, कारण आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या इंग्रजांच्या फायली आपल्याला वाचायला मिळतात आणि स्वतंत्र भारताच्या स्वतःच्या मिळत नाहीत.

म्हणजे बघा, आयबी ही आपली जुनी गुप्तचर संस्था, रॉ तिच्यातूनच निघाली. तिचं मूळ 1887 सालचं, सिमल्यात सेंट्रल स्पेशल ब्रँच म्हणून सुरू झालेलं. मग व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात 1904 ला त्याचं डिपार्टमेंट ऑफ क्रिमिनल इंटेलिजन्स झालं आणि 1920 ला इंटेलिजन्स ब्युरो. दरम्यान 1909 मध्ये मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला मारलं, तेव्हा इंडिया हाऊस या तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या सावरकर आणि मंडळींवर नजर ठेवायला लंडनमध्येच वेगळं ऑफिस उघडलं गेलं, इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स, आणि त्याचा प्रमुख म्हणून जो वॉलिंजर नावाचा माणूस नेमला तो आपल्या मुंबई इलाख्याच्या पोलिसातलाच होता. त्या ऑफिसच्या फायली 1990च्या दशकात खुल्या झाल्या, आज ब्रिटिश लायब्ररीत बसून कुणीही वाचू शकतं. टिळकांबद्दलचे पोलिसांचे गुप्त रिपोर्ट तर मुंबई सरकारने स्वतःच 1957-58 मध्ये स्वातंत्र्य चळवळीच्या साधनग्रंथांमध्ये छापले. ते वाचताना अंगावर काटा येतो, कुठल्या सभेला कोण होतं आणि काय बोललं, सगळं आहे त्यात.

स्वातंत्र्यानंतर आयबी देशातलंही बघायची आणि बाहेरचंही. पहिले भारतीय संचालक संजीवी पिल्ले, नंतर 1950 पासून 1964 पर्यंत बी. एन. मलिक. त्यांच्या हाताखाली रामेश्वर नाथ काव नावाचे एक तरुण अधिकारी होते, बनारसला जन्मलेले, काश्मिरी पंडित घराण्यातले. काव पुढे रॉचे पहिले प्रमुख झाले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांना घडवणारी जी केस होती ती आपल्याकडे जवळपास विसरली गेलीय आणि त्यात दोन नावं आपल्या ओळखीची आहेत.

11 एप्रिल 1955. एअर इंडियाचं काश्मीर प्रिन्सेस हे विमान हाँगकाँगहून निघालं, इंडोनेशियातल्या बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि काही पत्रकार आत, खुद्द चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनीही त्यातूनच जायचं असं आधी ठरलेलं पण ते आले नाहीत. नाटुना बेटांजवळ चाकाच्या कप्प्यात स्फोट झाला. कॅप्टन दामोदर जटार यांनी जळतं विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. 19 पैकी 16 जण गेले, जटारही गेले. वाचलेल्या तिघांमध्ये विमानाचे मेंटेनन्स इंजिनियर अनंत कर्णिक होते. इंडोनेशियाच्या चौकशीत टाइम बॉम्ब निष्पन्न झाला आणि भारतातर्फे तपासाला काव हाँगकाँगला गेले, तेव्हा वय जेमतेम 36-37. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे, म्हणून एका बाजूला ब्रिटिश पोलीस, दुसऱ्या बाजूला चिनी सरकार, दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि मध्ये हा माणूस. संशय गेला विमानतळावर काम करणाऱ्या एका माणसावर, तो तैवानला पळाला, परत आलाच नाही. परदेशात, आपला कायदा चालत नाही तिथे, फक्त समजूतदारपणावर माहिती कशी मिळवायची हे काव तिथे शिकले असणार असं माझं मत आहे. त्या तपासाची भारताच्या बाजूची पूर्ण फाइल वाचायला मिळावी अशी माझी किती वर्षांची इच्छा आहे.

मग 1962 झालं, 1965 झालं, दोन्ही युद्धांत बाहेरची माहिती कमी पडली अशी टीका झाली आणि इंदिरा गांधींनी परदेशातलं काम आयबीतून काढून 21 सप्टेंबर 1968 ला रॉ उभी केली. काव प्रमुख, शंकरन नायर त्यांच्या जोडीला. आणि तीनच वर्षांत 1971 चं बांगलादेश युद्ध. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्ती बाहिनीला मदत, कोलकात्यात बांगलादेशचं हंगामी सरकार, चितगावच्या डोंगरात उतरवलेली तिबेटी जवानांची स्पेशल फ्रंटियर फोर्स, या सगळ्यात रॉचा हात होता हे आता कुणी नाकारत नाही. पण कागद कुठेत? 2022 च्या डिसेंबरात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितलं की 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांची कागदपत्रं आमच्याकडे आलेलीच नाहीत. मी ती बातमी वाचून खरंच सुन्न झाले होते. पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट 1993 पासून आहे, पण गोपनीय शिक्का उतरवायचा की नाही ते ज्याचं त्या खात्याने ठरवायचं, मग कोण कशाला उतरवेल.

लोक म्हणतात, ताई, देशाची गुपितं अशी उघडी करायची असतात का. अहो, आजची कोण मागतंय? आणि झाकून ठेवल्याने काय होतं ते नंदादेवीवर बघा. ऑक्टोबर 1964 मध्ये चीनने अणुचाचणी केली, त्यावर नजर ठेवायला अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए आणि आयबीने मिळून 1965 मध्ये हिमालयातल्या नंदादेवी शिखरावर प्लुटोनियमवर चालणारं यंत्र चढवायला घेतलं, हवामान बिघडलं, ते वरच ठेवून टीम खाली आली, आणि पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर यंत्र गायब. आजतागायत सापडलेलं नाही. खाली ऋषीगंगेच्या खोऱ्यात माणसं राहतात, तेच पाणी पितात, आणि आपल्या डोक्यावर काय हरवलंय हे देशाला कळलं 1978 मध्ये, तेसुद्धा एका अमेरिकन मासिकाने छापलं म्हणून मोरारजी देसाईंना संसदेत सांगावं लागलं. बारा-तेरा वर्षं! यात शत्रूपासून काय लपलं मला सांगा.

आणि सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, रॉ कुठल्याही कायद्याने बनलेली नाही, सरकारी आदेशाने बनलेला तो मंत्रिमंडळ सचिवालयाचा एक विभाग आहे. कायद्यात तिचं नाव ठळकपणे दिसतं ते दोन ठिकाणी. एक 1985 चा कायदा, ज्याने गुप्तचर कर्मचाऱ्यांना युनियन करायला आणि पेपरवाल्यांशी बोलायला बंदी घातली, आणि दुसरा 2005 चा माहिती अधिकार कायदा, ज्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी वगळता तिला सूट आहे. काय करायचं, कुणाला हिशोब द्यायचा, हे सांगणारा कायदा नाही. अमेरिकेत सीआयए 1947 च्या कायद्याने आली, ब्रिटनने देशातलं बघणाऱ्या एमआयफाइव्हसाठी 1989 ला आणि परदेशातलं बघणाऱ्या एमआयसिक्ससाठी 1994 ला कायदा केला, संसदेची कमिटी बसवली. आपल्याकडे 2011 मध्ये खासदार मनीष तिवारींनी असा कायदा व्हावा म्हणून खासगी विधेयक आणलं होतं, पुढे काही झालं नाही. कायदा नसला की संस्था पंतप्रधानांच्या मर्जीवर राहते, 1977 ला हेच झालं, आणीबाणीमुळे मोरारजींचा रॉवर विश्वास उरला नव्हता, काव पदावरून गेले, त्यांच्यानंतर आलेले नायरही थोड्याच दिवसांत पद सोडून गेले आणि संस्थेचे पंख छाटले गेले. चांगलं काम करणाऱ्यांचंही यात नुकसानच झालं. त्यात 2021 पासून पेन्शनचे नियम असे झालेत की निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्यांना आपल्या संस्थेच्या कामाबद्दल लिहायचं तर आधी परवानगी घ्यायची, म्हणजे होता तो आठवणींचा झराही आटणार.

तरी वाचायचंच असेल तर कारगिल आढावा समितीच्या अहवालापासून सुरुवात करा. के. सुब्रह्मण्यम अध्यक्ष होते, 2000 मध्ये संसदेत मांडला गेला, काही भाग गाळलाय पण गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडल्या ते बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय. त्याच्या पाठोपाठ 2001 चा मंत्रिगटाचा अहवाल घ्या. त्यात गुप्तचर यंत्रणांवर एक अख्खं प्रकरण होतं, छापताना सरकारने ते पूर्ण काढून टाकलं. ते प्रकरण आता तरी प्रसिद्ध करा अशी मागणी करायला हवी, मी माझ्या विद्यार्थ्यांना खासदारांना पत्र लिहायला सांगते, तुम्हीही लिहा.